दाढेला माहेरची हवा

दाढ काढली की तिच्या खड्ड्यात माहेरची हवा भरावी लागते, एरवी तो बुजत नाही. पुरुषांना आजोळची चालते. शालनताई भोईट्यांना हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी दुखरी दाढ दोन वर्षं लवंगेवर ढकलली. पण दुखणं काही मानपान बघत नाही. शेवटी गाल पुरीसारखा टम्म फुगला आणि फलटणच्या डॉक्टर शेंडग्यांनी दाढ उपटली.

पहिले तीन दिवस डॉक्टरांनी नळीने ऑक्सिजन दिला, पुढचे तीन दिवस यंत्रातला ओझोन. खड्ड्याने दोन्ही मुकाट घेतलं आणि होता तसाच आ वासून राहिला.

"ही परकी हवा," डॉक्टर म्हणाले. "सूज उतरेल, बस. आता माहेरची मागवा. आजपासून नऊ दिवसांत भरली नाही, तर खड्डा कायमचा उघडा. गरम काही सोसणार नाही. जन्मभर गार चहा."

गार चहाचं नुसतं नाव ऐकूनच शालनताईंनी तोंड वाकडं केलं. तरी त्या म्हणाल्या, "मी माहेर सोडलंय, डॉक्टर. सहा वर्षं झाली."

कारण तसंच होतं. धाकट्या भावाच्या, पोपटरावांच्या, मुलीची लग्नपत्रिका आली, आणि तिच्यात निमंत्रकांच्या यादीत शालनताईंच्या नवऱ्याचं नावच नाही! ते होतं खाली, हितचिंतकांत, मंडपवाल्याच्या शेजारी. नवरीच्या सख्ख्या आत्याचा नवरा, आणि मंडपवाल्याच्या पंगतीत! शालनताई भर मांडवात म्हणाल्या, "तुझ्या घरच्या पाण्याचा थेंब घशाखाली घालणार नाही," आणि न जेवता गाडीत जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी केसपेपर ओढला. "शपथ पाण्याची. हवेचा उल्लेख होता?"

शालनताईंनी आठवून पाहिलं. "नव्हता."

"मग अडचण नाही." त्यांनी शपथ शब्दशः लिहून घेतली आणि पोपटरावांना रीतसर पत्र धाडलं.

पत्र गेल्यापासून चौथ्या दिवशी माहेरहून, मोरदरीहून, एसटीने ट्रॅक्टरची ट्यूब आली. गच्च भरलेली, तोंडाला नवी टोपी. डॉक्टरांनी नळी जोडून जरा हवा सोडली. खड्ड्याने ती फुस्सकन बाहेर टाकली. डॉक्टरांनी ट्यूब नाकाशी धरली.

"ओसरीवरची आहे," ते म्हणाले. "चपला, सतरंजी, तंबाखू. ही पाहुण्यांना देतात. खड्डा घ्यायचा नाही."

शालनताईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यात राग किती आणि दुखणं किती, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी दवाखान्यातूनच फोन लावला, सहा वर्षांत पहिल्यांदा.

"पोपट्या! ओसरीवरची पाठवलीस? मी पाहुणी आहे का रे?"

"आक्का, आतली कुठल्या तोंडानं पाठवू? तू उंबरा ओलांडत नाहीस."

"पत्रिकेत दाजींना मंडपवाल्याशेजारी बसवताना बरं तोंड होतं!"

"वर, निमंत्रकांत, सगळे रुसणारे होते गं! नाव वर नसतं तर एकही लग्नाला आला नसता. म्हटलं, आक्का घरचीच आहे, ती काय रुसतेय."

शालनताईंनी खाडकन फोन ठेवला.

नवव्या दिवशी पोपटराव स्वतः आले. खांद्यावर ट्यूब, हातात पाण्याने भरलेला तांब्या, त्याला फडकं बांधलेलं.

"चुलीमागची आहे," ते डॉक्टरांना म्हणाले. "दारं लावून भरली. आईची चूल मोडली नाही अजून. गॅस घेतला, तो पुढं ठेवलाय."

डॉक्टरांनी हवा सोडली. खड्ड्याने ती घटाघटा ओढली. ट्यूब चपटी झाली. शालनताईंना सारवलेल्या भुईचा वास आला, मग भाकरीचा, मग आईच्या लुगड्याचा. हुंदका फुटला, पण तोंडात आरसा होता, त्यामुळे तो नाकावाटे बाहेर पडला.

"बुजला," डॉक्टर म्हणाले. "आता चूळ. त्याच घरच्या पाण्याने."

पोपटराव तांब्याचं फडकं सोडता सोडता थांबले. "आणि शपथ?"

डॉक्टरांनी केसपेपर वाचला. "घशाखाली घालायला मनाई आहे. तोंडात घ्यायला नाही. चूळ भरायची आणि थुंकायची." त्यांनी भांडं पुढे धरलं.

शालनताईंनी चूळ भरली. इकडून तिकडे खळखळवली. पोपटराव भांड्याकडे बघत उभे राहिले.

"थुंका," डॉक्टर म्हणाले.

शालनताईंनी गिळली. मग भावाच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा अर्धा केला.

"बघतोस काय पोपट्या," त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "घरी चल. चहा टाकते, गरम."

डॉक्टरांनी केसपेपरवरची शपथ खोडली, शेजारी तारीख घातली आणि बाकावरच्या गृहस्थाला आत बोलावलं.

"बसा," ते म्हणाले. "आजोळ कुठलं?"