बिनखुणेचं नाक

चीनने हिमालय ओलांडला तेव्हा मातृभूमीसाठी प्राण द्यायला आमच्या भागातून जो पहिला वीर निघाला, त्याचं नाव गेनबा. या प्रस्थानाचा मी साक्षीदार आहे. कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, पुढे हलगी, मागे सगळी कासारवाडी, अशा थाटात गेनबा नाशिक फाट्यावर आला, भरतीसाठी पुण्याला जायचं म्हणून एसटीत चढला आणि चाकणला गेला.

गाडी चाकणची आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण सरपंचांचं भाषण ऐन रंगात होतं, तेव्हा मध्ये बोलणार कोण? गाडी दिसेनाशी झाल्यावर एकाने दबकत शंका काढली. सरपंच म्हणाले, "लष्करी हालचाली गुपित असत्यात." गावाला ते पटलं.

गेनबाला पाच-सहा हातांपलीकडचं जग धुरकट दिसे. आमच्या पिंपरीच्या औषध कारखान्यात तो बाटल्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायचा. ते काम हाताचं असल्यामुळे निभत होतं. मी त्याच कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. आमच्या डॉक्टरांनी गेनबाला चांगला जाड भिंगांचा चष्मा दिला होता. तो नेहमी त्याच्या खिशात असे. नाकावर कधीच नसे.

"नाकावर खळ्या पडत्यात राव," तो मला समजावून सांगायचा. "भरतीवाला डोळं मागनं बघतो. आधी नाक बघतो. खळी दिसली की भाईर."

हे त्याला कुणी सांगितलं ते कळायला मार्ग नाही. त्याला स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाचं फारसं पटत नसे. पण रोज सकाळी तो नाकाला तेल चोळायचा, आणि समोर येईल त्याच्या चेहऱ्याशी तोंड नेऊन त्याच्याही नाकाची पाहणी करायचा. एकदा मॅनेजरसाहेब फेरीवर आले. चष्मा पुसायला त्यांनी काढला होता. गेनबाने वाकून त्यांचं नाक नीट न्याहाळलं आणि हळहळून म्हणाला, "सायेब, तुमचं गेलं." साहेब बराच वेळ खिसे चाचपत होते.

त्याची बायको सारूबाई तोंडाची फटकळ. मला म्हणाली, "कंपाउंडरभाऊ, ह्यांच्या नाकाला आता नथ तेवढी करायची ऱ्हायलीया. तुमच्या कंपनीत मिळंल तर बघा."

नाकाचा बंदोबस्त झाला, पण डोळ्यांचा व्हायचा होता. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर डोळे तपासायचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. लष्कराकडेही हाच असणार, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. गेनबाला इंग्रजी येत नव्हतं, पण शाळेतले पाढे अजून तोंडपाठ होते. त्याच चालीवर मी त्याला तक्ता शिकवला. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या बाकावर मांडी घालून डोलत म्हणायचा: ई; एफ पी; टी ओ झेड. शिकवण्याच्या भरात मी तक्त्यात जे जे होतं ते सगळं सांगितलं. काही गाळायचं नाही, हा माझा स्वभाव.

चाकणहून तो संध्याकाळी थेट माझ्या क्वार्टरवर आला. हार पिशवीत घातला होता.

"घरी जा की," मी म्हटलं.

"कसं जाऊ? हलगी वाजलीया. वाजवून धाडलेला माणूस त्याच दिशी माघारी आला तर पोरं वर्षभर वाजवतील."

म्हणून दुसऱ्या दिवशी मीच रजा टाकून त्याला पुण्याला नेलं.

भरतीच्या ठिकाणी उंची झाली, छाती झाली, वजन झालं. नाक कुणीही पाहिलं नाही. मग लष्करी डॉक्टर छडी घेऊन तक्त्यापाशी उभे राहिले. मराठीच होते. "चौथी ओळ वाच," म्हणाले. गेनबाला छडी दिसत नव्हती आणि पाढा मधूनच म्हणता येत नाही. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. डॉक्टरांनी थांब म्हणून हात वर केला, तोही त्याला दिसला नाही. डोलत डोलत तो खाली उतरला, शेवटची ओळ संपवली आणि त्याच दमात छापखान्याचं नाव आणि पत्ताही म्हणून मोकळा झाला.

डॉक्टर तक्त्याशी वाकले. पार जवळ गेले. मग म्हणाले, "हे मलाही इथून कष्टानं वाचता येतंय. एवढी नजर सैन्याला परवडायची नाही. जा तू." गेनबाने कडक सलाम ठोकला, वळला आणि औषधांच्या कपाटाचं दार उघडून आत जाऊ लागला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता घाल तो चष्मा."

त्याने घातला. मला वाटलं घरी निघेल. तर हा फाटकापाशी उभ्या जवानांच्या रांगेकडे गेला आणि एकेका पोराच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत चालत गेला. तसाच परत आला आणि कठड्यावर बसला.

"कुणाला शोधतोस?"

"नामाला. आमच्या धाकट्याला."

भाऊ रुसून लष्करात गेलाय एवढं मला ऐकून माहीत होतं.

"आईबाप गेल्यावर मीच वाढवला त्याला. एकदा लाइनीकडच्या झाडाखाली बिडी वढताना दिसला. रातच्याला जेवताना भरल्या ताटावर कानाखाली दिली. त्यो म्हनला, दादा, मी न्हवतो. मी म्हनलं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय." गेनबाने चष्मा काढून पुसला. "मागनं कळलं, त्यो रेल्वेचा गँगमन व्हता. पन्नाशीचा. तवर नामा गेलेला."

"म्हणून तू लढायला निघालास?"

"लढाय कशाला? आपल्याला काय दिसतंय? म्हनलं आत शिरलो की हुडकून काढीन. मला दिसत न्हाई एवढंच सांगायचं व्हतं त्याला. घरात कुनाला सांगितलंच न्हवतं."

आम्ही भेळ खाल्ली आणि घरी आलो.

थंडी सरता सरता नामा आपणहून आला. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच बसलो होतो. गेनबाने चष्म्यातून त्याला गल्लीच्या तोंडालाच ओळखलं. दारात येईपर्यंतही दम निघाला नाही. "ती बिडी रेल्वेवाल्याची व्हती," तो अंगणातूनच म्हणाला. "मला लांबचं दिसत न्हाई, नामा. कदीच दिसत न्हवतं."

नामा पायातले बूट काढत होता. दुसरा बूट ओढत म्हणाला, "ठावं हाय मला. लहानपणी मामा समजून पोष्टमनच्या पाया पडला व्हतास." आणि मग, "वैनी, जेवाय काय हाय?"

सारूबाईने ताट वाढलं. गेनबा शेजारी बसून त्याला पोटभर बघत होता. "बरफात लई हाल झालं असतील," तो म्हणाला.

नामा मान खाली घालून जेवत राहिला. सगळी लढाईभर तो देहूरोडच्या छावणीत चपात्या लाटत होता. कासारवाडीहून तिथे जायला सकाळची गाडी आहे. ती चिंचवडला उगाच थांबते, तरी अर्ध्या तासात पोचते.