शिवराजअप्पांचे पॉइंट

लातुरात कुणाच्या घरी लग्न ठरलं, की मुलीच्या बापाआधी आमच्या शिवराजअप्पांना आनंद होतो. नातं असो-नसो, बस्ता बांधायला ते घरच्यांबरोबर कापडदुकानात हजर. साड्यांचा ढीग निवडून झाला, की अप्पा हळूच पुढे सरकतात. "तुमचे रोख पैसे माझ्याकडं द्या, दुकानदाराला माझं कार्ड देऊ द्या. तुमचं काय जायलंय?"

कुणाचं काहीच जात नाही. अप्पांना मात्र पॉइंट मिळतात.

हे कार्ड हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलाशी जोडलेलं. त्याच शहरात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, सुधीरनं, काढून दिलेलं. कार्ड घासत गेलं की पॉइंट जमतात आणि पुरेसे जमले की त्या हॉटेलात राहायला मिळतं. उदगीरचं भुसार दुकान धाकट्या भावाकडे सोपवून अप्पा माझ्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून हाच त्यांचा उद्योग. एका बस्त्यात तर भर दुकानात त्यांनी आवाज चढवला, "अहो, विहीणबाईला असल्या साडीत उभं करता व्हय? ए, जरा जरीची दाखव रे!" मुलीचा बाप पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला कार्ड घेत नाही म्हणून दोन उन्हाळे अप्पांनी उसाचा रस प्यायलेला नाही.

"म्हणजे फुकटात राहणार म्हणा की," असं कुणी म्हटलं की चिडायचे. "फुकट न्हाई, कमाईचं हाय! उन्हातान्हाचं दुकानं हिंडायलो."

फोनमधले फोटो त्यांनी अख्ख्या कॉलनीला दाखवले होते. साधी खोली नव्हे, सूट. "हे हॉल. ही निजायची खोली. आन हे बगा, गॅसचा ओटा!"

"अप्पा, एवढ्या लांब जाऊन भाकरीच थापायची, तर घरी काय वाईट आहे?" लोक हसायचे. अप्पा फोन खिशात घालायचे आणि पावसाचा विषय काढायचे.

त्यांना इंग्रजी येत नाही. मी एका कॉलेजात कारकून, त्यामुळे दर रविवारी त्यांच्या ओसरीवर बसून पॉइंट वाचून दाखवायचं काम माझं. पासवर्डही मीच ठेवलेला. पाच वर्षांनी दोन रात्रींपुरते पॉइंट झाले, तेव्हा त्यांनी मला पेढा दिला. म्हणाले, "आता घाई न्हाई. दिवाळीला जाऊ."

आता खरं सांगतो. एक माणूस सोडला तर आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

माझा साडू हैदराबादला असतो. मोठा फ्लॅट, मोठी गाडी, आणि दर भेटीत एकच प्रश्न, "मग, अजून कारकूनच का?" आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मला एकदा, एकदाच, त्याला आपल्या हॉलमध्ये बसवायचं होतं. एका रविवारी मी अप्पांच्या पॉइंटांवर माझ्यासाठी दोन रात्री नोंदवल्या. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला. फोन माझ्या हातात होता आणि अप्पा माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले होते.

बायकोला सांगितलं, संस्थेनं बक्षीस दिलं. साडू आला, चहा प्यायला, पडद्याचं कापड चाचपून पाहून गेला. परतल्यावर अप्पांना म्हणालो, "मुदत संपली वाटतं. पॉइंट गेले."

मला वाटलं, चार दिवस हळहळतील. अप्पांनी हेल्पलाइन धरली. रोज सकाळी पूजा आटोपली की फोन. "बेटा, मुदत कैसी खतम हुई? हम तो हर महिना कार्ड घिसरे ना!" तिकडच्या मुलीनं शोधून सांगितलं, की मुदत संपलेली नाही, तुमच्याच खात्यातून मुक्काम झालाय. अप्पा माझ्याकडे धावत आले. "विलासराव, ऐका! म्या म्हणे तिथं दोन रात्री झोपून आलो! म्या झोपलो, आन मलाच पत्ता न्हाई?"

सगळी गल्ली हसली. मीही हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

मग ते ग्राहक मंचाकडे निघाले. वकिलाकडून अर्ज लिहून आणला आणि साक्षीदाराच्या सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. त्यात एक वाक्य होतं, 'माझ्या फोनला माझ्याखेरीज फक्त शेजारी विलासराव हात लावतात, आणि ते सज्जन आहेत.'

पकडला जाईन ही भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण पेन त्या शब्दापाशीच अडलं. म्हणालो, "अप्पा, तिथं मी झोपलो होतो." आणि साडूसकट सगळं सांगून टाकलं.

अप्पांनी अर्ज माझ्यापुढून ओढून घेतला. मग म्हणाले, "आन म्या त्या पोरीला रोज भांडायलो. तिची माफी मागावी लागंल." अर्जाच्या चार घड्या घालून तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. फाडला नाही.

मी उठायला लागलो, तर म्हणाले, "बसा. तिथं जेवायच्या टेबलाला खुर्च्या किती हायेत?"

"चार."

त्यांनी बोटं मोजली. "सुधीर, सूनबाई, नातू, आन मी. बराबर बसलो असतो."

मला कळेना. ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "सुधीरच्या दोनच खोल्या हायेत. म्या गेलो की पोराचं अभ्यासाचं टेबल गॅलरीत काढत्यात. सून गुणाची हाय, काही बोलत न्हाई. पण म्या पिशवी घेऊन दारात उभा राहिलो, की दोघं एकमेकांकडं बघत्यात. म्हणलं, त्यांच्याच गावात एकदा आपलं घर मांडावं. त्यांनी पाव्हणं म्हणून यावं, म्या भाकरी करून वाढावी. पोरगं हॉलमध्ये लोळावं. कुणी कुणाला 'जा' म्हणायचं न्हाई."

मी म्हणालो, पॉइंट मी भरून देईन, माझं कार्ड काढेन. अप्पांनी हातानंच थांबवलं.

"ते बघू मागून. खोली कशी होती, ते सांगा."

मी सांगू लागलो. दार उघडलं की डाव्या हाताला ओटा, पुढे हॉल, मोठी खिडकी, खिडकीतून दिसणारं तळं. शरमेनं मी भराभर बोलत होतो. अप्पांनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले होते.

"सावकाश सांगा, विलासराव," ते म्हणाले. "दोन रात्रीचा मुक्काम हाय."