सोळा उपाशी आणि उरलेला भात

परक्यांना अरबी शिकवणाऱ्या त्या संस्थेत बसून ज्या कुणा शहाण्याने रमजानचा गृहपाठ काढला, त्याच्यावर आम्हा इरबिदकरांचा सरळ आरोप आहे : उम्म रकानच्या घराला आग तुम्ही लावलीत! काडी तेवढी फिनलंडच्या पोरीच्या हातात दिलीत, आणि स्वतः पंख्याखाली बसून राहिलात!

उम्म रकानची त्या दिवशीची तयारी म्हणजे लढाईची तयारी. तीन वर्षांपूर्वी तिची थोरली नणंद, हाज्जा रस्मिया, साऱ्या गोतावळ्यासमोर म्हणाली होती, "माझ्या भावाच्या घरून पाहुणा अर्धपोटी उठतो!" तेव्हापासून दोघींचा अबोला. शेवटी अबू रकानने बहिणीच्या हातापाया पडून तिला इफ्तारला बोलावलं. माणसं सात. उम्म रकानने कोंबडी, वांगी आणि भाताचा मकलूबा रचला तो बारा जणांचा!

"आज वन्सं पोटभर जेवून भिंतीला धरून उठल्या नाहीत, तर नाव बदलीन!" ती म्हणाली.

सूर्य मावळायला वीस मिनिटं उरली होती. हाज्जा रस्मिया येऊन तसबीहची माळ ओढत, घरातली धूळ मोजत बसली होती. तेवढ्यात दार वाजलं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला अबू शिहाब! हातात कतायेफ या रमजानच्या मिठाईचा खोका.

"अल्ला बरकत देवो, ताई," म्हणत तो आत येऊन बसलासुद्धा.

मागोमाग औषधवाली डॉक्टरीण हयफा. मग शिंपी. मग एक टॅक्सीवाला, त्याची बायको, आणि बायकोची आई! प्रत्येकाच्या हातात कतायेफ.

अबू रकान स्वयंपाकघरात डोकावला. "अगं, तुझं अख्खं माहेर आलंय की काय?"

"माझं? मला वाटलं तुमच्या कचेरीतले!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच किर्सीकडे पाहिलं. दोन महिन्यांपासून त्यांच्या घरी राहून अरबी शिकणारी किर्सी भोपळ्यासारखी पिवळी पडली होती.

"मावशी, तो गृहपाठ होता! दहा जणांना इफ्तारचं आमंत्रण द्या. तीनदा आग्रह करा. अल्लाची शपथ घाला. मिळालेली उत्तरं वहीत लिहा."

"आणि तू घातलीस शपथ?"

"दहाही जणांना! टॅक्सीवाल्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं, मावशी."

"येणारच गं बये!" उम्म रकानने कपाळावर हात मारला.

एकदा "या जेवायला" म्हणणं म्हणजे आमच्याकडे नुसता रामराम झाला. समोरचा बरकत मागतो आणि आपल्या वाटेने जातो. पण तीनदा, आणि वर शपथ? मग न येणारा माणूस त्या परक्या पोरीची शपथ मोडतो. भर रमजानात हे पाप कोण घेणार?

"पण मी पत्ता कुणालाच दिला नव्हता!"

"फिनलंडची पोरगी कुठे राहते हे इरबिदच्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे!"

दार वाजतच राहिलं. एक दाढदुखीमुळे आला नाही, पण त्याच्या जागी टॅक्सीवाल्याची सासू होतीच. शेवटी माणसं झाली सतरा-अठरा. मोजायला कुणाला भान होतं! अजान झाली. खजूर फिरले, मसुराचं सूप पाणी घालघालून सगळ्यांना पुरवलं. मग उम्म रकानने देवाचं नाव घेऊन पातेलं परातीत पालथं घातलं.

पाहुण्यांनी परातीकडे पाहिलं. मग भात पुरेल का म्हणून एकमेकांची डोकी पाहिली. आणि सगळ्यांना एकाच वेळी अब्रूदारपणाचा झटका आला! शिंप्याने दोन चमचे खाल्ले आणि छातीवर हात ठेवला. "भरलं पोट, अल्लाशपथ!"

"अहो, घ्या ना!"

"शपथ, श्वास घ्यायला जागा नाही!"

औषधवालीला पथ्य आठवलं. टॅक्सीवाल्याच्या सासूने एक वांगं घेतलं आणि अर्धं परत ठेवलं. उम्म रकान परात घेऊन सगळ्यांपुढे फिरली. तीनतीनदा विनवलं, पोटच्या रकानच्या गळ्याची शपथ घातली. बेकरीवाल्याने तिच्या शपथेवर आपली शपथ चढवली! मग सगळ्यांनी कतायेफ आणि कॉफी संपवली, घराला भरभरून दुवा दिली आणि नमाजाला निघून गेले.

परातीत अर्ध्याहून जास्त भात.

हाज्जा रस्मिया उठली. भिंतीला न धरता उठली. परातीवर वाकून तिने नीट पाहिलं आणि उम्म रकानला तिच्या नावाने हाक मारली.

"नौफा, दिवसभराचे उपाशी सोळा जण, आणि भात जसाच्या तसा? मीठ चाखलं होतंस का गं?"

"चाखू कशी, वन्सं? उपास होता!"

"हं," हाज्जा रस्मिया म्हणाली आणि चपला घालू लागली.

सकाळच्या आत सगळ्या गोतावळ्यात बातमी पोचली : माझ्या भावाच्या घरचं उपाशी माणूससुद्धा खात नाही!

किर्सीला मात्र तुम्ही दहापैकी दहा गुण दिलेत. वर शेरा, 'प्रभावी आग्रह'. तर आता बोला, साहेब! तीनदा शपथ घालूनही जो उपाशी पाहुणा दुसरा घास घेत नाही, त्याला चौथ्यांदा काय म्हणायचं? ते वाक्य तुमच्या कुठल्या धड्यात आहे? उम्म रकान दारात उभी आहे. लेखी उत्तर द्या!