बोटीला ब्रेक नसतो

"उभा जन्म गाडी शिकवण्यात गेलाय माझा! वाहन कुठलंही असो, बूड टेकलं की मला त्याची नाडी कळते. तेव्हा बोट मी निवडणार, तुम्ही फक्त बसायचं!"

मास्तरांनी घरात असं जाहीर केलं.

"तुम्हाला पाळण्यात बसलं तरी मळमळतं," बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली.

मास्तरांनी दुर्लक्ष केलं. ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यापासून त्यांच्या शब्दावर घरातला पंखासुद्धा फिरेनासा झाला होता. निदान सहलीची बोट तरी आपल्या पसंतीची यावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

बोटींच्या दुकानाच्या अंगणात ट्रेलरवर दोन बोटी होत्या. पांढरी ऐसपैस, वर छप्पर, बाजूला खिडक्या, समोरासमोर बाकं. बघताक्षणी डबा उघडून जेवायला बसावं अशी. लाल मात्र निमुळती, नाक वर केलेली, जागच्या जागी पळत असल्यासारखी! मास्तर सेल्समनच्या खांद्यावर पाय देऊन लालमध्ये चढले. सेल्समन खांदा झटकत पांढरीकडे गेला, कारण बायको आणि नात तिच्यात केव्हाच जाऊन बसल्या होत्या.

मास्तरांनी आधी ब्रेक शोधला. सापडेना! ते स्टिअरिंगखाली पार आत शिरले. बाहेरून कोणाला दिसलेच नसते. तेवढ्यात बोट हलली.

"अरे वा! न सांगता ट्रायल!"

ते उठून बसले. पुढे एक गाडी ट्रेलर ओढत होती आणि बोट डौलात रस्त्याला लागली होती.

"डावीकडे घ्या!" मास्तरांनी जुना आवाज लावला. गाडी डावीकडे वळली!

"सावकाश, पुढे शाळा आहे!" गाडी सावकाश झाली.

"थांबा!" थांबली. समोर लाल सिग्नल होता, पण तो मास्तरांच्या मते निव्वळ योगायोग.

शेजारी बस उभी राहिली. खिडकीतून एकजण ओरडला, "आजोबा, पाणी त्या बाजूला!"

"आधी रस्ता, मग पाणी!" मास्तर गरजले.

फोन वाजला. बायको होती. "अहो, आहात कुठे?"

"लाल बोटीत. काय आज्ञाधारक आहे म्हणून सांगू!"

"अहो, ती सकाळीच विकली गेलीय! गिऱ्हाईक आत्ता घेऊन गेलं म्हणे. सेल्समन इथे माझ्यासमोर उभाय!"

मास्तरांनी पुढच्या गाडीकडे नीट पाहिलं. काचेतून एक अनोळखी मान दिसत होती.

"उजवीकडे! मागे फिरा!" ते ओरडले. गाडी डावीकडे वळली आणि एका बंगल्याच्या फाटकातून थेट आत शिरली.

तिथे नव्या बोटीचा फोटो काढायला घरची मंडळी सज्ज होती. बाईंनी मोबाइल खाली केला.

"अहो," त्यांनी गाडीतून उतरणाऱ्या नवऱ्याला विचारलं, "हे बोटीबरोबरच येतात का?"

मास्तर ताठ उभे राहिले. फोन अजून कानालाच होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ऐक! लाल बाद! ब्रेक नाही आणि सांगितलेलं ऐकत नाही. आपण पांढरीच घ्यायची. हा माझा अंतिम निर्णय!"

"मघाशीच सही केली मी," बायको म्हणाली. "नातीने खिडकीची जागासुद्धा धरली."

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. बोटीतून खाली वाकून पाहिलं. जमीन फारच लांब होती. ते खाकरले.

"वहिनी, घरात एखादं स्टूल असेल का हो?"