मधुकररावांचा उघडा हिशेब

एका जंगलात, बाळांनो, सगळ्या आयांनी मिळून एक पिल्लूघर काढलं होतं. आया कामाला गेल्या की पिल्लं तिथे खेळायची. पण छपराला भलंमोठं भोक पडलं होतं, आणि वर घार घिरट्या घालायची.

झुबकी खारीची पिल्लं तिथेच असायची. झुबकी शिकलेली होती, त्यामुळे तिला काळजी जरा जास्तच करता यायची. घार नेमकी आपलंच पिल्लू उचलणार, असं तिला वाटे. मग वाटे, आपण उगाच घाबरतो. मग पुन्हा वर बघे.

सुगरणींना मध देऊन छप्पर विणून घ्यायचं ठरलं. घरोघरचा मध गोळा झाला आणि पिल्लूघराच्या मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव यांच्याकडे ठेवला गेला. मधुकरराव अस्वल होते. मध अस्वलाकडे ठेवावा का, अशी शंका झुबकीला आली होती. पण ते बिनविरोध निवडून आलेले. म्हणजे आपलंच काही चुकत असेल.

वर्ष सरलं. भोक होतं तिथेच होतं. वार्षिक सभा भरली. मधुकररावांनी ढेरीवरून हात फिरवत हिशेब वाचला. काही म्हणून लपवलं नाही. अर्धा मध, तो गोड आहे का हे तपासण्यात गेला. उरलेला, तो पहिल्याइतकाच गोड आहे का हे तपासण्यात गेला. शिल्लक, रिकामी मडकी.

सभेचे डोळे पाणावले. आधीचे अध्यक्ष कोल्होबा. त्यांनी काय काय खाल्लं, ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. हे निदान सांगतात तरी. तिथल्या तिथे सत्कार झाला. सुगरणींनी विणलेली जाड गवती शाल मधुकररावांच्या खांद्यावर चढली.

झुबकी चाचरत उठली. "अध्यक्षसाहेब, माझं चुकतही असेल. पण छप्पर?"

"आयत्या वेळचे विषय चहानंतर घेऊ हं," मधुकरराव मायेने म्हणाले.

"बस गं खाली," शेजारची साळूताई साळिंदर कुजबुजली. "एवढा चांगला कार्यक्रम चाललाय."

झुबकी बसली. चहानंतर सभेला कुणी उरत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिची नजर त्या शालीवर गेली. वीण घट्ट होती. घारीचं नखसुद्धा शिरलं नसतं.

ती पुन्हा उठली. या वेळी चाचरली नाही.

"एवढ्या प्रामाणिकपणाला एकच शाल म्हणजे अपमान आहे. घरटी एक शाल हवी. आणि शालींचाही हिशेब उघडा राहावा, म्हणून त्या सगळ्यांना दिसतील अशा पिल्लूघरावर पसराव्यात."

साळूताईने अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. मधुकररावांना नाही म्हणता येईना.

छपरासाठी बोटभर मध देताना ज्यांनी हात आखडला होता, त्यांनी सत्कारासाठी सुगरणींपुढे मधाची मडकी उपडी केली. सुगरणींना मान वर करायला फुरसत मिळेना. मधुकरराव रोज हात जोडून नवी शाल घ्यायचे, आणि रोज ती पिल्लूघरावर चढायची. बघता बघता भोक दिसेनासं झालं.

हे काही बरोबर झालं नाही, असं झुबकीला वाटत राहिलं. पण वाटता वाटता तिला चक्क दुपारची झोप लागली.

तात्पर्य : संस्थेत हिशेब विचारू नये, सत्कार करावा. खर्च जास्त येतो, पण छप्पर मिळतं.