आमचं रबराचं झाड आणि नलूमावशी

नलूमावशी कुणाच्याही घरात शिरल्या की माणसांकडे बघत नाहीत, आधी कुंड्यांकडे बघतात. "अगो बाई, किती सुटलीस गो! कोणी लक्ष देत नाय ना तुझ्याकडं?" असं त्या पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, तेव्हा माझ्या बायकोनं पटकन पोट आत ओढलं. मावशी तिच्यामागच्या रबराच्या झाडाशी बोलत होत्या.

मावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एकट्याच. यजमान धाटावच्या एका कंपनीत होते, ते गेले, मुलगा परदेशात. पर्समध्ये दुसरं काही असो-नसो, कात्री असतेच. एकदा रोह्यातल्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्यांनी तिथला मनी प्लांट भादरून ठेवला. डॉक्टर बाहेर येऊन बघतात तर कंपाउंडर पानं गोळा करतोय आणि पेशंट मावशींना आपापल्या कुंड्यांची दुखणी सांगतायत!

आमचं झाड छताला टेकून आडवं पसरलं होतं. नेमक्या त्याच कोपऱ्यात आमचा गणपती बसतो. पेणला मूर्ती सांगून झाली होती, मखर आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, "मावशी, गणपतीच्या आत एवढा कोपरा मोकळा करून द्या."

झालं! मावशी दर मंगळवारी यायला लागल्या. खाली जुनी चादर अंथरायला लावायच्या, ओल्या फडक्यानं पानन् पान पुसायच्या, एक फांदी कापायच्या, गळणाऱ्या चिकावर हळद दाबायच्या आणि हात धुऊन मोकळ्या. "एका टायमाला एकच. नायतर झाड बिथरतं." मग आल्याचा चहा आणि अख्ख्या बिल्डिंगच्या बातम्या. तोवर आधी कापलेल्या फांदीला नवे कोंब!

"मावशी, हे झाड आहे की आपल्या हायवेचं काम? संपायचं नावच नाही!" मी चिडून म्हणालो.

गणपती आठवड्यावर आले तसा बायकोचाही धीर सुटला. "द्या ती कात्री, मीच उरकते. नर्सरीवाला म्हणाला, एकदम छाटलं तरी चालतं."

मावशींनी कात्री पाठीमागे लपवली.

"चालतं गो. मला काय म्हायती नाय?" त्या झाडाकडे बघत म्हणाल्या. "पण सगळं एकदम कापलं, तर पुढं मी तुमच्याकडं कशाला येऊ?"

बायको म्हणाली, "अहो मावशी, झाडाचं काम नसलं म्हणून काय झालं? नुसत्या या ना."

"नुसतं जाऊन कुणाच्या घरात बसायला मला नाय जमत गो."

मी उठलो, टीव्हीची वायर काढली आणि टेबल ओढायला लागलो. "गणपती यंदा टीव्हीच्या जागी बसणार," मी म्हटलं. "झाडाचं तुमचं चालू द्या सावकाश."

मावशी पदरानं नाक पुसून कात्री पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "मोदकांची उकड यंदा मी काढणार हां. हिनं वर पाठवलेले मोदक दरवर्षी फुटलेलेच असतात."