याकोब मास्तर आणि ओव्हरसियरची हाडं

आमचे याकोब मास्तर हाडांना शास्त्र वाचून दाखवायचे. स्टेशनामागं खताच्या कारखान्याला पाठवायच्या जनावरांच्या हाडांचं गोदाम होतं. दुष्काळात गोदामाच्या भिंती पुरेनात, म्हणून ढीग बाहेर मैदानात आला. बैलांची शिंगं, म्हशींच्या बरगड्या, कुठं आख्खं डोकं. ढीग इतका उंच, की औशाहून एस्टीनं येणारी माणसं तो दिसला की 'आलं लातूर' म्हणून पिशव्या आवरायला लागत. दर साल चैत्रातल्या एका शनिवारी सकाळी मास्तर त्या ढिगासमोर उभे राहायचे, टोपी सारखी करायचे, चष्मा धोतराला पुसायचे आणि पोरं बसलीत अशा आवाजात म्हणायचे, "लक्ष द्या!"

हाडं लक्ष द्यायची. आम्ही पोरं त्याच्या निम्म्यानंही देत नव्हतो. मी त्यांच्या वर्गात होतो, मला ठाऊक आहे.

मी किराणा दुकानदार, शिवलिंग माझं नाव. मापात कमी आणि गोष्टीत जास्त घालायची आमच्या घराण्याची रीत. पण एका माणसाची हाडं नव्या जिल्ह्याच्या नव्या रस्त्याखाली जायची वेळ आली, तेव्हा ती मागणारे आख्ख्या लातुरातून एकटे मास्तर निघाले, ह्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

मास्तर मूळचे मुदखेडचे. वडील रेल्वेत. म्हणून की काय, प्रत्येक वाक्याला जंक्शनावर थांबल्यासारखे थांबायचे. मिशनच्या शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवलं आणि देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चात, रविवारचा पाठ वाचला. लग्न केलं नाही. केलं असतं तर मंगलाष्टकं थांबवून त्यांनी भटजीलाच, चुकलो, पाद्रीबाबालाच विचारलं असतं, "वाचलंत. पण अर्थ?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लग्नपत्रिका दिली, "वाचली. अर्थ?" कंडक्टरनं तिकीट दिलं, "अर्थ?" दुष्काळात गल्लीत टँकर आला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी'. मास्तर हंडा घेऊन रांगेत. तोटी सोडली तर आतून फुस्स करून वारा आला. मास्तर ड्रायव्हरला म्हणाले, "वाचलं बाबा. आता अर्थ सांग." ड्रायव्हर तेव्हापासून आमच्या गल्लीत हॉर्न न वाजवता यायचा.

त्या मोठ्या दुष्काळाचं काय सांगू? विहिरीत दगड टाकला तर पाण्याचा आवाज यायच्या ऐवजी दगडच वर येऊन 'मला कशाला पाठवलं?' म्हणून विचारायचा. मांजरेच्या पात्रात मासे चपला घालून फिरत होते. मोठमोठे बागायतदार डोक्याला टॉवेल गुंडाळून खडी फोडायला आले. त्या खडीच्या कामावर नांदेडहून बदली होऊन एक ओव्हरसियर आला. रुबेन त्याचं नाव. अलिबागकडचा यहुदी माणूस, बेने इस्राएल. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, आपल्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलणारे. आजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, म्हणून त्या दिवशी बैल सोडून द्यायचे. लातूर तेलाच्या गिरण्यांचं गाव, त्यामुळं आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्याच्याबद्दल आधीच आपुलकी. फक्त शनिवारी दुकान बंद ठेवणं हे काही त्यांना झेपलं नाही.

चैत्र आला तसा रुबेन कासावीस झाला. त्यांचा वल्हांडणाचा सण. हजारो वर्षांपूर्वी त्यांचे लोक मिसर देशात फारो राजाच्या गुलामीत होते. सुटकेच्या वेळी त्यांनी कोकरू कापलं, रक्त दारांच्या चौकटींना लावलं, आणि तसं दार दिसलं की मृत्यू ते ओलांडून पुढं गेला. घाईत निघाले, पीठ आंबायला वेळ नव्हता, म्हणून सणाचे आठ दिवस न आंबवलेली भाकर.

"त्यात काय एवढं?" मास्तर म्हणाले. "आमी जन्मभर बेखमीरच खाऊन राहिलो की. ज्वारीला कुठं खमीर असतं?"

पण त्या वर्षी ज्वारीही नव्हती. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो होता. त्याची भाकरी तव्यावर टाकली की तवाच नाराज व्हायचा. रुबेननं एक तुकडा चावला, बराच वेळ चावला, आणि म्हणाला, "शास्त्रात हिला दुःखाची भाकर म्हटलंय. मास्तर, अर्थ आज कळला."

जेवणाचं असं भागलं. पाठांचं भागेना. सणाच्या आठवड्यातल्या शनिवारी त्यांच्या सभास्थानात संदेष्ट्याचा एक पाठ वाचतात. तो संदेष्टा वाळलेल्या हाडांनी भरलेल्या खोऱ्यात उभा असतो. देव विचारतो, ही हाडं जगतील का? तो म्हणतो, तुलाच ठाऊक. मग हाड हाडाला जाऊन लागतं, वर मांस चढतं, वारा येतो आणि सगळी उभी राहतात.

"पण चारचौघांत वाचायचं तर दहा पुरुष लागतात," रुबेन म्हणाला. "मुंबईला मिळतात. लातुरात मी एकटा. नऊ कमी आहेत."

"नऊच ना?" मास्तर उठले. "चल, हजार दाखवतो."

आणि त्याला घेऊन गेले हाडांच्या ढिगापाशी.

मी तिथं होतो. आप्पाही होते. रुबेन आधी हसला. मग ढिगाकडं बघितलं आणि त्याचं हसू उतरलं. डोक्यावर रुमाल टाकून त्यानं त्यांच्या भाषेत तो पाठ म्हटला, आणि मास्तरांनी मराठीत वाचला. संपलं तसं मास्तर म्हणाले, "आता अर्थ. हाडं म्हंजे मेलेला माणूस. अन्‌ उठवणारा ख्रिस्त. तिसऱ्या दिवशी कबरीवरचा दगड सरकला, तो ह्याच वाऱ्यानं."

"मुळीच नाही," रुबेन म्हणाला. "हाडं म्हणजे आमचे लोक. परमुलखात पडलेले. देव म्हणतो, उठा, तुम्हाला घरी नेतो. साधी गोष्ट आहे."

"आन्‌ कोकरू? चौकटीवरचं रगत? ते तर ख्रिस्तच!"

"कोकरू म्हणजे कोकरू. तुम्ही लोक आमच्याकडं जेवायला येता, मास्तर, आणि ताटात स्वतःचाच फोटो बघता."

"अहो," आमचे आप्पा म्हणाले, "ही हाडं आपल्या तालुक्यातल्या बैलांची हायत. जरा गप बसा दोघं."

तेव्हापासून दर चैत्री पुनवेनंतरच्या शनिवारी हे चालू. हनुमान जयंतीचा अजून न उतरलेला कर्णा एकीकडं, ह्यांचं भांडण एकीकडं. बहुतेक वर्षी कर्णाच हरायचा. सणाच्या सातव्या दिवशी आणखी एक पाठ, समुद्र दुभंगल्याचा. त्यात दोन ओळी अशा, की सगळे घाईत पळताहेत, आणि मोशे मात्र योसेफाची हाडं बरोबर घेतो. चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची. निघताना मला इथं टाकू नका, असं त्यानं सांगून ठेवलं होतं म्हणून.

"हा फरक आहे आपल्यात," रुबेन म्हणायचा. "तुम्ही सगळे वर जाणार, हाडं खाली टाकून. आम्ही हाडं घेऊन निघतो."

त्याचे भाऊ खरंच निघाले. एकेक करून विमानात बसून इस्राएलला गेले. ह्याला पत्रं आली, ये म्हणून. हा गेला नाही. म्हणायचा, पाझर तलावाचं काम अर्धं आहे. तलाव पुरा झाला, त्यात पाणी यायचं राहिलं, आणि हा पाण्याची वाट बघत थांबला. पत्रं कमी झाली, मग थांबली.

आमचा वेगळा जिल्हा झाला. पेढे वाटले. प्यायला पाणी नव्हतं, त्यामुळं काहींच्या घशात ते पेढे अजून आहेत. पुढच्याच उन्हाळ्यात रुबेन काविळीनं गेला. यहुद्यांची दफनभूमी जवळपास कुठं नाही आणि उन्हात देह ठेवणार किती? मास्तरांनी जुन्या पाद्रीबाबांचे पाय धरले, आणि ख्रिस्ती दफनभूमीच्या कुंपणालगत त्याला माती दिली. वहीत नोंद नाही, वर नाव नाही. रस्त्याच्या कामातून वाया गेलेला एक कोरा मैलाचा दगड मास्तरांनी डोक्याशी रोवला. त्यानंतर दर वर्षी ते एकटेच हाडांच्या ढिगापाशी जाऊ लागले. लोक म्हणाले, म्हातारा उन्हानं गेला.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाऊस चुकला, पुन्हा ढीग वाढला, आणि मोठ्या साहेबांच्या बंगल्यांकडं जाणारा रस्ता आखला गेला. तो नेमका दफनभूमीतून. नोटीस लागली, की वारसांनी दरखास्त द्यावी, अस्थी शिवारापलीकडच्या नव्या जागेत हलवल्या जातील. मागणी न आलेल्या कबरी आहेत तशा भरावाखाली जातील.

मास्तरांनी नोटीस वाचली. पहिल्यांदाच कुणाला अर्थ विचारला नाही.

नवे पाद्रीबाबा भले माणूस. म्हणाले, "मास्तर, वहीत नाव नाही, मी दाखला कसा देऊ? दरखास्त मंजूर करून आणा, खड्डा मी स्वतः खणून देतो." म्हणून मास्तर मला साक्षीला घेऊन कचेरीत गेले. आम्ही लिंगायतही मातीच देतो, फक्त बसवून. तेवढ्या जोरावर मी ह्या विषयातला जाणकार ठरलो होतो. टेबलामागं एक भाऊसाहेब होते, तोंडात पान.

"मयताचं नाव?"

"रुबेन."

"धर्म?"

"यहुदी."

"म्हंजे मुसलमानात का?"

"न्हाई."

"मग ख्रिश्चनात लिवतो."

"लिवू नका," मास्तर दचकून म्हणाले. "त्याला ते पटायचं न्हाई."

भाऊसाहेबांनी वर बघितलं. "त्याला आता काय पटायचं राह्यलंय? बरं, तुमचं नातं?"

चाळीस वर्षं आख्ख्या गावाला अर्थ विचारलेला माणूस एका रकान्यापुढं उभा राहिला, आणि चष्मा धोतराला पुसायला लागला.

"भाऊ? मेव्हणा? साडू? काही तं असंल. नातं न्हाई तं दरखास्त न्हाई. मागं लाईन हाय, मास्तर."

"आम्ही... भांडायचो," मास्तर म्हणाले.

"कोर्टात?"

"न्हाई. सणाला."

"कवाधरनं?"

"तो आला तवाधरनं. दर साल. तो मरंस्तवर."

भाऊसाहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "काहून भांडायचे?"

"त्येच्या पूर्वजांवरनं."

"तुमचे बी पूर्वज त्येच?"

"मी म्हनायचो हाव. तो म्हनायचा न्हाई."

"हात्तिच्या!" भाऊसाहेब म्हणाले. "इतकी वर्सं भांडन, ते बी सनासुदीला, अन्‌ पूर्वजांवरनं. मग भावकीच की ही! आधी सांगायचं न्हाई का?" आणि रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'भाऊबंद'. मी साक्षीदार म्हणून सही केली. आयुष्यात इतकी खरी सही मी दुसरी केलेली नाही.

खणायचा दिवस मास्तरांनी मागून चैत्री पुनवेनंतरचा, त्या पाठाचा शनिवार घेतला. पाद्रीबाबांनी शब्द पाळला, स्वतः कुदळ घेतली. फार काही निघालं नाही. मास्तरांनी एकेक हाड हातांनी पुसलं, नव्या मांजरपाटात बांधलं, वर रुबेनचाच रुमाल गुंडाळला. बाकीच्यांच्या अस्थी ट्रॅक्टरमधून गेल्या. मास्तर गाठोडं खांद्यावर घेऊन चालू लागले. चार मैल, चैत्राचं ऊन, वाटेत सावलीला बाभूळसुद्धा नाही. मी सायकल घेऊन मागं.

"मास्तर, कॅरिअरवर ठेवा."

"मोशेनं सायकलीवर न्हेली न्हाईत."

"मग जरा मी घेतो."

"तुझं त्याच्याशी भांडण झालंय का कधी? मग चल गप."

नवी जागा म्हणजे उघडा माळ. गाठोडं खाली उतरवलं, माती लोटली. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणून पुढच्या कबरीकडं गेले. मास्तरांनी टोपी सारखी केली, आणि तो हाडांच्या खोऱ्याचा पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. वर्गातल्या आवाजात नव्हे. समोर बसलेल्या एका माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

मग म्हणाले, "आता अर्थ. हाडं म्हंजे मेलेला माणूस. अन्‌ उठवणारा ख्रिस्त."

आणि थांबले. मला वाटलं, दम लागला. पण ते मातीकडं बघत होते.

"ऐकलंस का? ख्रिस्त म्हनलो मी."

माळावर धूळ उठली आणि बसली.

"आन्‌ चौकटीवरचं रगत, ते कोकरू, ते बी ख्रिस्तच," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "बोल की! कोकरू म्हंजे कोकरू म्हन!"

पलीकडं पाद्रीबाबांनी मान वर केली. मी सायकल धरून उभा. मास्तरांनी कान थोडा पुढं केला, चाळीस वर्षं वर्गातल्या मुखदुर्बळ पोरांच्या उत्तरासाठी करायचे तसा. मग त्यांनी पुस्तक मिटलं, गुडघ्यावर बसले आणि सैल मातीवरून एकदा हात फिरवला.

"बरं, रुबेन," ते हळूच म्हणाले. "औंदा तुझंच खरं."